अकरा रकान्यांची यादी

आदरणीय काका,

मी मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. तीन वर्षं झाली, संगायो (संजय गांधी निराधार अनुदान योजना) शाखेचं टेबल माझ्याकडे आहे. अनुदान आता थेट आधार जोडलेल्या खात्यात जातं. ज्यांची जोडणी झालेली नाही त्यांची यादी काढून तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक, असं साहेबांनी सांगितलं. एक्सेलमध्ये होती तशी मी टाकली. ग्रुपवर तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील आणि दोन-चार सरपंचही आहेत. संध्याकाळपर्यंत यादी गावोगावच्या ग्रुपवर फिरली. चौथ्या दिवशी एका आजींना फोन आला: "संगायोतून बोलतोय, अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा." आजींनी फोन नातवाच्या हातात दिला म्हणून वाचल्या. पण त्याच आठवड्यात एक बाई येऊन माझ्या टेबलासमोर नुसती उभी राहिली. तिच्या नावापुढे प्रवर्गाच्या रकान्यात तिचा आजार लिहिलेला होता. घरमालकाने तिला खोली सोडायला सांगितलंय. आता याच योजनेच्या लाभार्थ्यांची यादी कुणीतरी माहिती अधिकारात मागितली आहे, आणि साहेब म्हणतात, "नवा कायदा आलाय, वैयक्तिक माहिती आहे, फेटाळ." चूक माझी आहे का? मी काय करू? रात्री झोप लागत नाही. कृपया नाव-गाव छापू नका.

– एक महसूल सहायक

ताई,

नाव-गाव छापलेलं नाही. पत्रातले दोन बारीक तपशीलही बदलले आहेत, कारण तालुक्याच्या ठिकाणी नुसत्या वर्णनावरून माणूस ओळखतात. आजार कोणता ते तुम्ही मला कळवलं नाहीत, हे फार बरं केलंत.

आधी त्या बाईंचं बघू. साहेब, कायदा, झोप हे सगळं नंतर. घरमालकाने खोली सोडायला सांगितली असेल तर त्यांना आज वकील हवा, आणि तो फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलेला उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, आणि 15100 हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आजार एचआयव्ही असेल तर 2017 चा वेगळा कायदाच आहे. त्या कारणावरून भाड्याच्या घरातून काढणं हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो, आणि लेखी संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. बाईंना हे शांतपणे, बाजूला बसवून सांगा. आणि एक विनंती: "तुमची तक्रार अर्जात लिहून द्या" असं लगेच म्हणू नका. म्हणजे तोच आजार पुन्हा एका कागदावर येईल, तो कागद बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदीत, जाईल, तिथे चार जण वाचतील. माफी मागा. कार्यालयाच्या वतीने मागायचा अधिकार नसेल तर स्वतःच्या वतीने मागा.

हे मी एवढ्या खात्रीने सांगतोय, कारण मला ती मागता आली नाही. नव्वदच्या दशकात मी लिपिक होतो. एका गावात मंजुरीपत्रं वाटपाचं शिबिर होतं. मंडप, माईक, हार-तुरे. यादी माझ्या हातात. नाव, गाव, कारण असे तीन रकाने, आणि मी तिन्ही वाचत गेलो. "परित्यक्ता." "विधवा." "कुष्ठरोग." वाचनाचा ओघ असतो, त्यात माणूस काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू येत नाही. त्यातल्या एक मावशी बाजारात भाजी विकायच्या. आजार केव्हाच बरा झालेला. पुढच्या आठवडी बाजारात त्यांच्या पाटीपुढे गिऱ्हाईक नव्हतं, त्याच्या पुढच्या बाजारात मावशीच नव्हत्या. अनुदान मात्र त्यांना नियमित मिळत राहिलं, फायलीत तशी नोंद आहे. माझ्या त्या माईकला शे-दीडशे माणसांचे कान होते. तुमच्या ग्रुपला किती आहेत ते मोजून बघा.

चूक कुणाची, हा तुमचा प्रश्न. थोडी तुमची आहे, ती नाकारू नका. फाइल उघडून कोणते रकाने जातायत हे बघायला दोन मिनिटं लागली असती. जास्त साहेबांची, आणि सगळ्यांत जास्त त्या सवयीची. आपल्याकडे काम अडलं की "यादी टाका" म्हणतात. कोणती, कुणाला, कशासाठी, हे कुणी विचारत नाही. तलाठ्याला त्या बाईच्या घरी जाऊन "आधार बँकेत जोडा" एवढाच निरोप द्यायचा होता. त्यासाठी त्याला नाव, गाव आणि "जोडणी बाकी" हा शेरा पुरे होता. गावात तीन कमलबाई असतील तर फार तर आधारचे शेवटचे चार अंक. तुमच्या यादीत पत्रावरून मी मोजले: अनुक्रमांक, नाव, वय, गाव, प्रवर्ग, मोबाइल, आधार, बँक, खाते क्रमांक, आयएफएससी, शेरा. अकरा. त्यातले सात तलाठ्याच्या काडीच्या कामाचे नव्हते, पण फोनवाल्या भामट्याच्या सगळे कामाचे होते. शिवाय दुसऱ्या टोकाच्या सजाच्या, म्हणजे दुसऱ्याच गावांच्या, तलाठ्याला तुमच्या गावातल्या आजी कशाला हव्यात? सजानिहाय यादी त्या-त्या तलाठ्यालाच द्यायची.

बारा अंकांनी काय होतं, असं तुमचे साहेब विचारतील. मला एका साहेबांनी विचारलं होतं. आपल्याकडे खेड्यात बँक मित्राकडे पैसे काढताना पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा लागतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुमच्या यादीत आयत्या होत्या. राहिला अंगठा. 2018 मध्ये तेलंगणात जमीन नोंदणीच्या वेबसाइटवरच्या दस्तांवरून अंगठ्यांचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याचं आणि त्यांवर सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण पोलिसांनी पकडलं होतं. ठशासारखी गोष्टसुद्धा सरकारी वेबसाइटवरूनच मिळाली होती, लक्षात घ्या.

यात तुमचं कार्यालय पहिलं नाही, हे दिलासा म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगतो. एप्रिल 2017 मध्ये झारखंडच्या सामाजिक सुरक्षा संचालनालयाच्या वेबसाइटवर दहा लाखांहून जास्त निवृत्तिवेतनधारकांचे आधार आणि खाते क्रमांक उघडे सापडले. पुढच्याच महिन्यात बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने चार सरकारी पोर्टलं तपासून हिशेब मांडला: तेरा ते साडेतेरा कोटी आधार क्रमांक आणि दहा कोटींच्या आसपास बँक खाती. त्या चारांत एक होतं राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाचं, म्हणजे तुमच्याच टेबलावरच्या केंद्राच्या पेन्शन योजनांचं. दुसरं रोजगार हमीचं. त्या वर्षाअखेर आधार प्राधिकरणानेच माहिती अधिकारातल्या उत्तरात कबूल केलं की सुमारे 210 सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे आधार तपशील झळकत होते. कुणी कुलूप तोडलं नव्हतं. कुणीतरी "यादी टाका" म्हटलं होतं, आणि कुणीतरी टाकली होती.

आधार कायद्याचं कलम 29 यावर स्पष्ट आहे. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायचा नाही, लावायचा नाही. ग्रुप म्हणजे जाहीर कुठे, असा वाद कुणी घालेल. त्याला सांगा, गावच्या ग्रुपवर गेल्यावर घाल.

आता तो माहिती अधिकाराचा अर्ज. इथे माझं तुमच्या साहेबांशी अजिबात जमणार नाही. ज्या कार्यालयाने सोमवारी लोकांचे खाते क्रमांक गावभर वाटले, त्याला शुक्रवारी एका नागरिकाच्या अर्जासमोर अचानक वैयक्तिक माहितीची आठवण झाली!

नवा कायदा म्हणजे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा. त्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मध्ये बदल केला हे खरं आहे. पूर्वी तिथे लांबलचक अट होती: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी माहितीच नाकारता येत होती, तीही व्यापक जनहित नसेल तरच. आता उरलंय ते एवढंच की वैयक्तिक माहितीशी संबंधित असेल तर सूट. हा बदल नोव्हेंबर 2025 मध्ये नियम निघाले तेव्हाच लागू झाला. आणि माहिती सांभाळणाऱ्यांच्या बहुतेक जबाबदाऱ्या? काय जपायचं, फुटली तर कुणाला कळवायचं, न जपल्यास अडीचशे कोटींपर्यंतचा दंड? त्या त्यानंतर अठरा महिन्यांनी. झाकायची परवानगी आधी आली आणि जपायची सक्ती मागून. दंड झालाच तर तो भारताच्या संचित निधीत जमा होतो, तुमच्या आजींच्या हातात त्यातला रुपया पडत नाही. कायदा करणाऱ्यांनी त्यात सगळीकडे "तो" ऐवजी "ती" हे सर्वनाम वापरलंय, एवढं कौतुक मी करतो. तुमच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक जणी "ती"च आहेत.

पण कायदा बदलला म्हणून यादी फेटाळता येते, हे खरं नाही. माहिती अधिकाराचं कलम 4 कुणी हलवलेलं नाही. अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं आहे, असं त्यात म्हटलंय. कलम 8(2) सुद्धा जागेवर आहे: सूट असलेली माहितीही जनहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर देता येते. आणि तुमच्या उपयोगाचं खरं कलम आहे 10. एकाच कागदात द्यायची आणि न द्यायची माहिती असेल तर न द्यायची वगळून उरलेली द्यायची. आख्खा कागद कपाटात ढकलायचा नाही.

मी माझ्या नोकरीत हे असं बघितलं: पैसा सरकारचा आहे, म्हणजे कुणाला आणि किती दिला हे गावाने विचारलंच पाहिजे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने मस्टर गावापुढे वाचून दाखवली तेव्हाच मेलेल्या माणसांची हजेरी सापडली. आपल्याकडेही निराधारांच्या यादीत चांगलं दुमजली घर असलेला निराधार सापडतो तो गावकऱ्यांनाच, तुम्हा-मला नाही. म्हणून नाव, गाव, रक्कम, मंजुरीची तारीख भिंतीवर. पण आजार त्या बाईचा आहे, अंगठा तिचा, खातं तिचं, फोन तिचा. त्यात सरकारचं काही नाही. ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली एकाकडेच. त्या अर्जदाराला अनुक्रमांक, नाव, गाव, रक्कम आणि मंजुरी दिनांक द्या. बाकीचे रकाने कलम 10 खाली वगळल्याचं उत्तरात लिहा, आणि कशासाठी ते एका वाक्यात सांगा.

प्रवर्गाची आकडेवारी मागितली असेल तर थांबून विचार करा. विधवा किती, दिव्यांग किती, हे तालुक्याचे आकडे खुशाल द्या. गाववार देऊ नका. साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावात "दुर्धर आजार: 1" असं छापलं की नाव छापायची गरजच उरत नाही.

साहेब ऐकणार नाहीत, हेही मला माहीत आहे. जन माहिती अधिकारी ते असतील, उत्तरावर सही त्यांची जाईल. पण त्यांनी तुमची मदत मागितली की त्या कामापुरतं तुम्हालाही जन माहिती अधिकारीच समजलं जातं, हे कलम 5 मध्ये आहे आणि पुष्कळ लिपिकांना नोटीस आल्यावरच कळतं. रोजचे अडीचशे, पंचवीस हजारांपर्यंत. तेव्हा भांडू नका, टिपणी लिहा. "आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल व प्रवर्ग हे रकाने कलम 10 अन्वये वगळून उर्वरित माहिती अर्जदारास देण्यास मान्यता असावी. निर्णयार्थ सादर." त्यांनी फेटाळायचं ठरवलं तर फेटाळण्याचा शेरा त्यांच्या अक्षरात येईल. यापुढे यादी पाठवायचा तोंडी आदेश आला तरी हेच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये वरिष्ठाच्या तोंडी निर्देशाची लेखी खातरजमा करून घ्यायला सांगितलं आहे, ते उद्धटपणा म्हणून नव्हे, शिस्त म्हणून. साहेबांच्या ऑर्डरवर मी तीसहून जास्त वर्षं काढली. लेखी मागितल्यावर निम्म्या ऑर्डरी आपोआप विरतात.

अर्जदाराबद्दलही एक. त्याचं नाव, पत्ता, मोबाइल त्याच ग्रुपवर "बघा कोण माहिती मागतोय" म्हणून जाणार नाही, याची काळजी तुम्हीच घ्यायची आहे. तळेगाव दाभाड्यात जमिनीचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींचा 2010 मध्ये भर रस्त्यात खून झाला. माहिती मागणारा कोण, ही पण माहितीच असते.

आता गेलेली यादी. "सर्वांसाठी डिलीट" अडीच दिवसांपर्यंतच चालतं, तुमचे ते दिवस गेले. त्याच ग्रुपवर "यादी मागे घेतली आहे, ज्यांनी उतरवून घेतली त्यांनी काढून टाकावी, पुढे पाठवू नये" असं साहेबांच्या नावाने टाका. सगळे काढतील असं नाही. पण उद्या एखाद्याने पुढे पाठवली तर सांगूनही पाठवली, एवढं सिद्ध होईल. प्रकार तहसीलदारांना लेखी कळवा, घाबरत घाबरत का होईना. लपवलेली चूक तुमची एकटीची राहते, कळवलेली कार्यालयाची होते.

पुढच्या यादीला एक खबरदारी. एक्सेलमध्ये रकाना "हाइड" केला की तो गेला असं समजू नका. उजवं बटण दाबून कुणीही परत आणतो. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर बहुतेक वेळा कॉपी होतो. नको तो रकाना डिलीट करायचा, वेगळी फाइल करायची, मग पाठवायची. आणि हे विचारलं नाहीत तरी सांगतो: साहेबांचा डिजिटल सहीचा डोंगल आत्ता कुठे आहे? तुमच्या ऑपरेटरच्या सीपीयूला लावलेला असेल, पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला असेल. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या डेस्कटॉपवर गेल्या तीन वर्षांतल्या अर्जदारांच्या आधार कार्डांचे फोटो असतील, कारण तिथेच सगळे "पाठवून प्रिंट काढा" म्हणतात. हे काही तुम्ही एकट्या निस्तरू शकत नाही. पण अर्जासोबत पूर्ण आधारऐवजी शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार चालेल का, हे विचारणारी टिपणी एका दिवसात लिहून होते.

राहिल्या आजी. त्यांचा नंबर, बँक आणि आधार आता त्या भामट्यांच्या वहीत आहे, ते पुन्हा फोन करतील. पैसे गेलेच तर तासाभरात 1930 ला कळवायचं, हे नातवाला पाठ करून घ्यायला सांगा. कुणीतरी शहाणा सांगेल की बायोमेट्रिक लॉक करून टाका. तसं करायच्या आधी विचारा, आजी पैसे कशा काढतात. बँक मित्राकडे अंगठा लावून काढत असतील तर लॉक केल्यावर त्यांनाच पैसे मिळणार नाहीत आणि दर महिन्याला लॉक उघडायला नातू लागेल. नातू घरात असतो का, तेही विचारा. पुण्याला कंपनीत असेल तर सोडा, त्यापेक्षा दर महिन्याला पासबुक भरून आणायला सांगा.

आणि हे सगळं सांगायला त्यांना फोन करू नका. "संगायोतून बोलतेय" म्हणालात की आजी फोन ठेवतील, आणि तेच बरोबर आहे. कोतवालाला निरोप देऊन धाडा. नवीन नाव त्याचं महसूल सेवक आहे म्हणे, पण आजी त्याला कोतवाल म्हणूनच दारात घेतील.

तुमचा,
काका
(निवृत्त नायब तहसीलदार)